बुधवार

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याच्या
फाटकावर तो बसतो. रात्रपाळी.
सगळे त्याला बहादूर म्हणतात.
सहा वर्षं मीही म्हणत होतो.
मग एकदा वीज गेली, माग थांबले
आणि कान बधिर करणाऱ्या त्या शांततेत
त्यानं नाव सांगितलं. लाक्पा.
म्हणजे बुधवार.
ज्या वारी जन्म, तेच नाव.
म्हटलं, काय बे, आमच्या गावात
अख्खी पेठ आहे की तुझ्या नावाची!
तो हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा
त्याचे वरचे दात दिसले.

एका मोहिमेत आम्ही तीन बुधवार होतो, म्हणाला.
साहेबानं यादीत लिहिलं :
लाक्पा एक, लाक्पा दोन, लाक्पा तीन.
दोन परत आला नाही.
नंतर पुस्तक निघालं. मागच्या पानावर यादी.
एकच्या खाली सरळ तीन.
वाचताना कुणी अडखळलं नसेल.

दोर आधी आम्ही लावायचो.
शिड्या आम्ही. पहाटे तंबूत चहा आम्ही.
त्याच दोरावरून साहेब वर यायचा
आणि म्हणायचा, जिंकलं.
कुणाला, ते मला कधी कळलं नाही.
आई तर निघताना त्या डोंगराला धूप दाखवायची,
पोराचे पाय लागतील, रागावू नकोस, म्हणून.

मी काय सांगणार त्याला डोंगराचं?
सोलापूर म्हणजे परातीसारखं सपाट.
उंच होती ती गिरण्यांची धुराडी.
माझा ताता, यल्लय्या येमुल,
धुराडं चढायचा. अनवाणी, तोंडाला ओलं फडकं.
आत उतरून काजळी खरवडायचा,
बाहेरून तडे बुजवायचा.
विलायतेहून नवा इंजिनियर आला,
त्याला वरून गाव बघायचं होतं.
तातानं त्याला नेलं. सावकाश, पायरी पायरी दाखवत.
त्याचा फोटो गिरणी बंद पडेपर्यंत ऑफिसात होता.
साहेब माथ्यावर, टोपी काखेत,
खाली तळं, तळ्यात सिद्धेश्वर, बोटाएवढा.
साहेबाच्या कमरेला दोर आहे.
दोर चौकटीच्या बाहेर जातो.
त्या बाहेरच्या टोकाला माझा ताता.

वीज आली तेव्हा एवढं बोलून झालं होतं.
शेंगाचटणी संपली होती, कडक भाकरी उरली होती.

पुढच्या महिन्यात माल घेणारा आला, परदेशातून.
आमच्या टॉवेलला त्याच्या गावचं लेबल लागतं.
लेबलं खोक्यातून येतात,
बायका शिवतात, एका पाळीत हजारभर.
मालकानं फाटकातच ओळख करून दिली,
साहेब, हा आमचा बहादूर, हिमालयातला.
साहेब थबकला. तोही चढून आला होता,
दोन वर्षं पैसे साठवून, गेल्याच वसंतात.
मोबाइलमधला फोटो दाखवला.
म्हणाला, तुमच्या माणसांनी मला जिवंत परत आणलं.
डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते,
मी जवळून पाहिलं.
त्यानं दोन्ही हातांत लाक्पाचा हात घेतला
आणि विचारलं, तुमचं खरं नाव काय?

लाक्पा म्हणाला, बहादूर.

रात्री मी भांडलोच त्याच्याशी.
चांगला माणूस होता बे, सांगायचं होतंस की!
तो म्हणाला, चांगलाच होता.
तेही चांगलेच होते.
नाव दिलं की यादी होते.

एवढं बोलून त्यानं डावा बूट काढला.
चव्वेचाळीस डिग्रीत सोलापूर भाजत असतं
आणि त्याची दोन बोटं,
जी तिकडेच राहिली बर्फात,
रात्री अकराच्या पुढे गार पडतात.
मी आतून एक रिजेक्ट टॉवेल आणून दिला.
लेबल उलटं शिवलेलं होतं त्याचं.
त्यानं पाय गुंडाळला, घट्ट,
अन् ट्रक आला म्हणून
तसाच लंगडत गेला फाटक उघडायला.