मोजणी

मोलगीच्या दवाखान्यात रात्रपाळीला मी एकटा,
म्हणजे मी, सूक्ष्मदर्शक आणि फ्रिजची घरघर.
दारावर कुणीतरी कोळशानं लिहिलंय : रगत पिणारा.
आमच्या खानदेशात ‘ण’ला ‘न’ म्हणायची रीत,
यानं मात्र ‘ण’ची मान नीट काढलीय.
पुसायला गेलो, पुसवलं नाही.

त्याचं चुकलं कुठे?
बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसतो मी,
लेकरांची बोटं टोचतो, थेंब काचेवर घेतो,
काचा डब्यात, डबा पिशवीत,
आणि अंधार पडायच्या आत जीपनं पसार.

दूर बर्फाच्या मुलखात म्हणे
उठून येणाऱ्या मढ्याच्या थडग्यावर बाजरी फेकत.
मढं रक्ताचं हावरट, पण मोजणीचं त्याहून वेडं;
दाणा दाणा वेचत बसायचं,
आकडा चुकला की पुन्हा एकपासून,
कोंबडा आरवेपर्यंत.
माझी कापडण्याची मावशी मुंजाच्या पिंपळाखालून जाताना
माझ्या खिशातली मोहरी सांडायला लावायची.
“मोजू दे त्याले,” म्हणायची, “आपन निंघी जाऊत.”
तिनं बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याकडे.

शंभर पेशी मोजायच्या असतात.
बोटाखाली यंत्र टिकटिकतं.
सत्तरीला लाइट जाते.
पुन्हा एकपासून.

जात्र्या, वय सहा. सांधे धरून रडतो, डोळे हळदीचे.
त्याच्या काचेवर गोल पेशींच्या गर्दीत
विळे. बारीक, वाकडे, नुकतीच धार लावल्यासारखे.
त्याच बर्फाच्या मुलखात मढ्याच्या गळ्यावर
आडवा विळा ठेवून पुरत,
उठू लागलं तर मान आपोआप कापावी म्हणून.
इथे विळा आतून येतो,
आणि ज्याच्या आत आहे
त्यानं अजून पाटीसुद्धा पुरती भरलेली नाही.

पाड्यावर आधीच मोजून झालं होतं.
बडव्यानं सुपात ज्वारी टाकली,
जोड्या लावल्या, एक दाणा उरला.
उरलेल्या दाण्याला नाव पडलं : सायकी.
जात्र्याची आई. डाकीण.
आधीची दोन तिनंच खाल्ली म्हणे, हा तिसरा.

ती काल आली. पोर पाठीशी बांधून, चालत, मागच्या वाटेनं.
अंगाला आमचुराचा आंबट वास,
कानामागे ओली जखम, तिच्याबद्दल बोलली नाही.
बोट पुढे केलं.
“पाहा. ते खरं बोलतात का.”

नळीत औषध, औषधात तिचा थेंब.
नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा
हळूहळू दिसेनाशा झाल्या.

सांगितलं तिला :
तुझ्यात आहे, पण तुला बाधत नाही.
तुझ्यातून त्याच्यात गेलं.
निम्मं त्याच्या बापाचं, जो बारडोलीला ऊस तोडतोय,
ज्याच्या नावानं कुणी दाणे टाकले नाहीत.
सगळं खरं सांगितलं
आणि क्रम चुकला.
“म्हणजे माझ्यातच आहे,” ती म्हणाली,
जसं कुणी उसनवारी कबूल करतं.
“नाही,” मी म्हणालो. मग “आहे.” मग “पण तसं नाही.”

पिवळं कार्ड लिहून दिलं.
तिनं चार घड्या केल्या, पदराच्या गाठीत बांधलं.
“हे दाखवलं तर सोडतील का मारतील?”
कार्डावर तेवढं छापलेलं नसतं.

आता ती वॉर्डात निजलीय, जात्र्याच्या खाटेखाली.
सकाळी दोघांना घेऊन पाड्यावर जायचं ठरवलंय.
जीपवाला म्हणतो, मी खाली उतरणार नाही.
बडव्याला म्हणीन, तुझं सूप आण,
मी माझं भिंग आणतो, ये, बरोबर मोजू.
असं म्हणीन असं आत्ता वाटतंय.

माझं स्वतःचं बोट मी कधीच टोचलेलं नाही.

लाइट आली. एक, दोन, तीन,
चार विळा.
मागे वस्तीत कोंबडा आरवतो.
मी अजून इथेच.