चू. भू. दे. घे.

कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत.
हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे,
आणि तोंडवळीच्या खाडीकडेला, केगदीच्या कुंपणालगत
आम्ही साडेपाचाला जाळी उघडतो.
दिसत नाहीत ती. दंव धरलं की मात्र दिसतात,
मग भिवा तारी काठी हलवून दंव झाडतो.
त्याचा जन्म रापणीत गेला.
दरसाल एकदा विचारतोच:
"आमी धरतो तां खातो. तुमी धरतास तां सोडतास.
मगे धरतास कित्याक?"
हुमैरा पांगारकर हसते. उत्तर आहे तिच्याकडे,
पण ते सांगण्यात पाच मिनिटं जातात
आणि तेवढ्यात पिशवीतला पक्षी घाबरा होतो.

माझं काम लिहिण्याचं.
एकतीस वर्षं टपाल कचेरीत लिहिलं,
मनीऑर्डरी, रजिस्टर, नॉटपेड पाकिटं.
माझा आकडा कुणी कधी परत पाठवला नाही.
वीस ग्रॅमचं वजन हाताला अजून कळतं.
आता तराजूवर प्लास्टिकच्या डबीत
डोकं खाली घातलेला एक जण:
दहा पूर्णांक चार.
एका तिकिटात दोघे जात नाहीत, थोडक्यासाठी.

हुमैरा गळ्याखाली फुंकर घालते.
पिसं दुभंगतात,
खळगीत चरबी दिसते, थिजल्या तुपासारखी.
"दोन," ती म्हणते. मी दोन लिहितो.
पायात वाळं. पक्कड हळूच मिटते.
आमच्याकडे पाव्हण्याला पाण्याआधी गाव विचारतात.
ह्याला विचारायची सोय नाही,
म्हणून ही सगळी उठाठेव.

साडेसातपर्यंत:
बोरू वटवट्या नऊ,
हिरवट वटवट्या चार,
माशीमार एक, छातीवर पुसटसं तांबडं.
शिवाय एक दयाळ, इथलाच. चावला.
त्याला वाळं कशाला, त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे.

मग दुसऱ्या जाळ्यातून जो आला
त्याच्या पायात वाळं आधीच होतं.
हुमैराने भिंग लावलं, आकडे वाचले. पुन्हा वाचले.
मी गेल्या सालची वही काढली
आणि त्या आकड्यासमोर, माझ्याच वळणदार अक्षरात:
हिरवट वटवट्या, सात ग्रॅम.
तिच्या मुठीत तर बोरू वटवट्या होता,
मातकट, भुवईवर फिकट रेघ,
चक् चक् म्हणत माझ्याकडे बघणारा.

मी भिंग मागून घेतलं.
चार हा चारच होता.

"दोन बोरूबहाद्दर समोरासमोर," हुमैरा म्हणाली,
आणि मग, माझा चेहरा बघून, गप्प झाली.
भिवाने विडी काढली, पुन्हा खिशात ठेवली.

बाबांचं किराणाचं दुकान होतं, आचऱ्याच्या तिठ्यावर.
प्रत्येक बिलाखाली ते ही चार अक्षरं लिहीत.
मला ती पळवाट वाटायची.
हिशेब बरोबर असेल तर घ्यायचं काय, द्यायचं काय?

लाल शाईने ओळ छेकली. सही. तारीख.
पण चूक एकटी नसते.
त्याच्या खालच्या ओळीत बोरू वटवट्या लिहिलेला,
तो बहुधा हिरवट.
म्हणजे सात ग्रॅमचा कुणीतरी
वर्षभर भलत्याच नावाने हिंडतोय
आणि परत येऊन सांगेल असं नाही.
ती ओळ मी पेन्सिलीने दुरुस्त केली.

हुमैराने मूठ उघडली.
तो लगेच गेला नाही. बसला तळव्यावर,
जणू पोच मागत होता.
मग केगदीत शिरला, खाली, काट्यांत,
आणि तिथून चक्.

नऊ वाजता भिवाने जाळी गुंडाळली.
डोक्यावरून जाणारे जात होते.
ते आम्ही लिहीत नाही.
एकूण सोळा, मी पानाखाली मांडलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्याखाली ती चार अक्षरं,
टिंबांसकट.