हरगोलावरचं नाव

खानापुरात मलप्रभेच्या कडेला
इनासनं हरगोल पालथा घातला होता.
बांबू नवे, वर ताडपत्री, ताडपत्रीवर डांबर,
डांबर अजून बोटाला लागत होतं.

म्हणाला, भरमाणी, ह्या नावेला नाव घाल.
मी विचारलं, सांत आंतोन?
नाही. हूसाटॉनिक.
मला वाटलं खोकल्याचं औषध.

तीस वर्षं बोटीच्या इंजिनात तेल घातलेला माणूस.
कुठल्याशा थंड बंदरात, खलाशांच्या क्लबात,
भिंतीवर तीन जहाजं बघितली होती त्यानं,
तिन्हींखाली एकच नाव.
एक लढाईत, रात्री, पाण्याखालून बुडवलेलं.
दुसऱ्यानं समुद्रात सुरुंग पेरले.
तिसरं बाकीच्या जहाजांना तेल पाजत फिरलं.
नाव मूळचं नदीचं, आणि नदीच्या आधी
मोहिकन लोकांच्या तोंडातलं.
"अर्थ ठाऊक हाय? डोंगरापलीकडची जागा."
एवढं बोलून तो चोर्ल्याच्या दिशेनं बघत बसला.

ते लोक कुठं गेले?
हलवलं त्यांना. आधी थोडं, मग लांब.
नाव तेवढं ठेवून घेतलं,
लोखंडावर बरं दिसलं असेल.

मी पाट्यांचा माणूस.
एकाच गावाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलंय,
एकाच दुकानावर दोनदा, दोन्ही वेळा पैसे घेऊन.
आणि विशीत, एका रात्री,
दुसऱ्यानं रंगवलेल्या पाटीवर
असल्याच डांबराचा बोळा फिरवलाय.
हे इनासला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.
त्यानं विचारलं, कुठल्या लिपीवर?
मी म्हणालो, अंधार होता.

मग हे कुठल्या लिपीत घालू?
"ते लिहीत नव्हते रे, बोलायचे.
गोऱ्यांनी ऐकलं तसं लिहिलं, पंचवीस तऱ्हेनं.
तू पण ऐकलंस तसं लिही."

पांढऱ्या रंगात 'हू' काढला.
डांबर ओलं, रंग धरेना,
ऊकार ओघळून पार काठाच्या वेतापर्यंत गेला.
इनास म्हणाला, ऱ्हाऊ दे. पुरे तेवढं.

संध्याकाळी आम्ही पाण्यात गेलो.
हरगोल नुसता गरगर फिरतोय, सरळ जाईना.
पलीकडून कपडे पिळता पिळता बसव्वा ओरडली,
"हेसरेनु?"
आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं.
वारा होता. तिनं ऐकलं तसं परत म्हटलं:
"उसाताणी?"

सव्विसावी, इनास म्हणाला, आणि वल्हं माझ्या हातात दिलं.
हरगोल खांद्यावरनं उतरवताना
'हू' माझ्या सदऱ्यावर उमटला होता,
उलटा.