दहापेक्षा कमी

सव्वीस वर्षं मी गव्हाच्या कोठारावर काटा सांभाळला.
ट्रक आला की लांब नळी खुपसायची,
तीन जागी, पार तळापर्यंत,
ओंजळभर दाणे काढायचे
आणि सांगायचं: ओल बारा टक्के, खडे नाहीत, पुढे घ्या.
कुणी कधी वाद घातला नाही.
शितावरून भाताची परीक्षा होते,
कारण भातात शितं फार असतात.

आमच्या टेलर फ्लॅटच्या चार्टर शाळेत
गेल्या वर्षी तिसरीला सात मुलं होती.

मार्चमध्ये परवान्याची फेरतपासणी.
थेन मास्तर म्हणाले, तुम्हाला आकडे कळतात, तुम्हीच बघा.
म्हणून जेवणाच्या टेबलावर
राज्याचे तक्ते पसरून बसले,
सगळ्यांसाठी खुले, कुणीही पाहावेत असे.
आमच्या ओळीत तिसरी, चौथी, पाचवी:
चांदणी, चांदणी, चांदणी.
खाली बारीक अक्षरात,
दहापेक्षा कमी मुलं असतील तिथे आकडा झाकला आहे,
मूल ओळखू येऊ नये म्हणून.
मला हसू आलं. इथे तर
कुणाच्या कुत्र्याने कुणाची कोंबडी धरली
तेही संध्याकाळच्या आत पोस्टात कळतं.

तिन्ही वर्ग मिळून मात्र आकडा उघडा होता.
वाचन: त्रेसष्ट टक्के. पुढच्या वर्षी सत्तेचाळीस.
शाळा कोसळली, म्हणेल बॉइसीचा माणूस.
मी पेन्सिल घेतली.
एकोणिसातले बारा. मग सतरातले आठ.
चार मुलं.
त्यातली तीन ऑलरेडांची, पुस्तकं खाऊन जगणारी,
बापाला नेवाडात खाणीवर काम लागलं
आणि ट्रेलरमागे सोळा टक्के बांधून ती निघून गेली.

इथे थांबायला हवं होतं.

पण जिल्ह्याची तिसरीची बेरीज छापलेली होती,
मोठ्या गावातल्या दोन्ही शाळांचीही.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
जन्मभर दुसरं काय केलं मी?
चांदणी उघडली. आत होतं:
गणितात मागे, तीन.

एक राफेल. फेब्रुवारीत याकिमाहून आलेला,
त्याच्या जुन्या शाळेत अपूर्णांक अजून यायचे होते.
एक टिल्डा. परीक्षा एप्रिलात, चष्मा मेमध्ये.
आणि तिसरा.
त्याच्या डब्यात रोज काय असतं ते मला ठाऊक आहे.
डबा मीच भरते.

सुनावणीत तीन मिनिटं मिळाली.
वजाबाकी सांगितली नाही.
ऑलरेडांचं सांगितलं, माना हलल्या.
मग कुणी विचारलं नसताना हेही सांगितलं
की गणिताची रेघ तीन वर्षं उतरतेच आहे,
ऑलरेड असतानाही उतरत होती,
आणि एका मास्तरने तीन वर्ग एका खोलीत धरायचे
तर काहीतरी सांडणारच.
थेन मास्तर मांडीवरची टोपी फिरवत राहिले.
परतताना गाडीत कुणी बोललं नाही.
काटा ओळखीच्यांसाठी वाकवला नाही कधी,
पण ट्रकवाले निदान
दुसऱ्या दिवशी हात तरी करायचे.

परवाना मिळाला, दोन वर्षांचा. पाचाचा मागितला होता.

घरी आले तेव्हा तो टेबलाशी होता,
माझ्याच कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर
ट्रॅक्टर काढत. एक चाक मोठं, एक लहान.
वर कोपऱ्यात सूर्य,
सहा रेघांचा.