वरच्या मजल्यावरची नखं

रात्री दीडला छतावर नखं चालू लागतात.
टक टक टक, दारापाशी थांबतात,
मग खिडकी, मग फ्रीज, मग पुन्हा दार.
मी सहाव्या मजल्यावर, डोळे सताड.
मला चारला भट्टी पेटवायची असते,
अर्ध्या ग्लदानीची न्याहारी
माझ्या पीठभरल्या हातांची वाट बघत असते,
आणि हा कुत्रा!
नाव बोंबोरा, पण बोंबलत नाही कधी.
नुसती गस्त.

शेवटी एका मंगळवारी लिफ्टमध्ये नाणं टाकलं.
आमची लिफ्ट फुकट वर नेत नाही,
भांडायला निघालेल्यालाही नाही.

ओतारने दार उघडलं. एकाच पायात मोजा.
मागे बोंबोरा, दार भरून उभा,
कान लहानपणीच छाटलेले,
लांडग्याला धरायला काही उरू नये म्हणून.

म्हातारा म्हणाला, ये, चहा ठेवतो.
आणि आधण येईस्तोवर
डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून टाकलं:
वय झालं की कुत्र्याची रात्र आणि दिवस एकमेकांत सांडतात,
कंबर दुखत असेल, लघवी धरवत नसेल,
ऐकू कमी येतं, म्हणून घाबरत असेल.
गोळ्या दिल्या. लोकरीची गादी आणली.
तिच्यावर आता मीच झोपतो.
झोपतो म्हणजे, पडतो.

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

त्याने कपात साखर ढवळली, बराच वेळ, ती विरघळल्यावरही.
“आजारी नाही गं तो. कामावर आहे.

अकरा वर्षं तुशेतीच्या डोंगरात
रात्रपाळी ह्याची.
दिवसा दगडाच्या सावलीत घोरायचा,
अंगावरून मेंढ्या गेल्या तरी हलायचा नाही.
अंधार पडला की उठून
सातशे मेंढ्यांभोवती फिरत राहायचा, उजाडेपर्यंत.
मी घोंगडीत शिरायचो तो थेट सकाळी.
माझी सगळी झोप
ह्याच्या जागरणातून कापलेली.

मग गुडघे गेले. आधी माझे, मग त्याचे.
मेंढ्या भाच्याला विकल्या,
ऑक्टोबरात बर्फाने खिंड बुजली
आणि आम्ही दोघं मुलीच्या ह्या फ्लॅटमध्ये.
मुलगी इटलीत, कुणाच्या तरी आजीच्या उशा बदलते.

कळप विकला, हे ह्याला कोण सांगणार?
रात्री उठतो, मोजायला लागतो.
सातशेंतला एक सापडतो, मी.
एकावर हिशेब मिटवायचा कसा?”

भांडायचं राहूनच गेलं.
निघताना खिळ्याला पितळी घंटा दिसली,
मेंढीच्या गळ्यातली, अक्रोडाएवढी.
मी उगीच बोट लावलं.

ऐकू कमी येणाऱ्या बोंबोराने
मान वर केली.

“मेंढी झोपेत कूस बदलते ना,” ओतार म्हणाला,
“तेव्हा वाजायच्या ह्या. एक इथे, एक पार तिकडे…”
आणि बोलता बोलता थांबला.

त्या रात्री दीडला नखं निघाली.
दार. खिडकी. फ्रीज.
मग छतातून बारीकशी किणकिण.
नखं जागच्या जागी.
पुन्हा किण.
मग पोतं टाकावं तसं एक जड अंग जमिनीवर पडलं,
माझा दिवा हलला.

घंटा तो मनगटाला बांधतो.
कुशीवर वळला की वाजते, खोकला आला की वाजते.
बायको होती तेव्हा तिलासुद्धा
एवढी खबर दिली नव्हती, म्हणतो.

नखं अजूनही चालतात अधूनमधून.
कंबर दुखतेच, गोळ्या चालूच आहेत,
आणि बर्फ वितळून खिंड उघडेल त्या आठवड्यात
काय होईल, ओतारलाही माहीत नाही.

मी चारला उठते.
पहिल्या खेपेतला करपलेला पाव बाजूला काढते, त्याच्यासाठी.
लिफ्टचं नाणं
इथेच कुठेतरी पिठात पडलंय.