पागुमे सहा

दिरे दावाच्या रेल्वे पेन्शन कचेरीत
सकाळी तीन वाजता काम सुरू होतं.
तीन म्हणजे आपले नऊ.
इथलं घड्याळ सूर्याबरोबर उठतं,
संगणक मात्र कुठल्यातरी परक्या मध्यरात्रीत राहतो.

मेकलित वोल्डेयेस कॉफी ठेवते कीबोर्डपासून लांब
आणि जुन्या रजिस्टरातली तारीख भरते:
दिवस सहा, महिना तेरा, साल एकोणीसशे पस्तीस.
पडदा म्हणतो, महिना एक ते बाराच्या दरम्यान हवा.
ती पुन्हा भरते.
पडदा पुन्हा तेच म्हणतो,
शिकवणी लावलेल्या पोरासारखा, तोंडपाठ.

ज्या भाषेत मी हे लिहितोय
तिच्यात तेरावा महिना येतो तो दुष्काळातच.
इथे तो दरसाल येतो, पाच दिवसांचा,
चौथ्या वर्षी सहा.
त्या दिवसांत पोरं पावसात मुद्दाम भिजतात,
पाणी पवित्र असतं म्हणून,
आणि पगार मात्र बाराच महिन्यांचा.

आधीच्या प्रोग्रामरने वाट काढली होती.
कोडमध्ये एक ओळ, वर टीप:
*तेरा आला तर बारा कर, दिवस तीस. कोण बघतंय.*

अतो बेलाचेव बघत होते.
इंजिन दुरुस्तीच्या शेडमधले फिटर, डाव्या हाताला साडेतीन बोटं,
खिडकीवर कागद आपटून म्हणाले,
या तारखेला मी जन्मलोच नव्हतो, बाई.
या तारखेला माझी आई
मला पोटात घेऊन पाणी भरत होती.
सहा दिवस राहिले होते अजून.
ते तिचे सहा दिवस तुम्ही कुठे टाकले?

मेकलितकडे उत्तर नव्हतं. खुर्ची होती, ती दिली.

मग रात्री तिने महिने सोडून दिले.
नुसते दिवस मोजले, एकामागून एक,
मणी ओढावेत तसे, फार जुन्या एका सकाळपासून.
दिवसाला नाव नसतं, फक्त नंबर असतो;
नावं नंतर लावायची, ज्याच्या त्याच्या भिंतीवरची.
मेस्केरेमपासून डिसेंबर संपेपर्यंत सात मिळवायचे,
जानेवारी लागली की आठ.
पहिल्यांदा छापलं तेव्हा महिन्याच्या जागी मिनिटं आली.
मोठा एम महिना, बारका एम मिनिट.
ती स्वतःशीच हसली.
तिच्या लिपीत अक्षरं अशी मोठी-बारकी नसतात.
(माझ्याही नाहीत.)

शेवटी उमटलं:
अकरा सप्टेंबर, एकोणीसशे त्रेचाळीस.
आणि शेजारी, त्याच ओळीत, तेवढ्याच ठळक: पागुमे ६.

अतो बेलाचेवनी चष्मा पुसून दोन्ही वाचल्या.
अकरा सप्टेंबर तर बहुतेक वर्षी आमचा पाडवा,
म्हणाले, सगळ्या गावाचा दिवस, तो मला नको.
मला माझा द्या, चार वर्षांनी येणारा.
वीस वाढदिवस झालेत माझे आजवर.
एकविसाव्याला लग्नाचं बघतो.

खिडकीपाशी रांग हसली.
फदुमो रोबले हसल्या नाहीत.

त्यांच्या कागदावर होतं: एक जानेवारी, एकोणीसशे सत्तर.
तसे सतरा जण होते यादीत,
सतराही एकाच क्षणी जन्मलेले, रात्री नऊला, इथल्या घड्याळाने.
कारण जागा रिकामी होती,
रिकाम्याचं शून्य झालं,
आणि शून्य म्हणजे यंत्राचा स्वतःचा वाढदिवस.

कधी जन्मलात, आई?
पूल वाहून गेला त्या वर्षी.
कुठला पूल?
तो आता नाही ना.

मेकलितने बराच वेळ कर्सरकडे बघितलं.
मग शून्य खोडलं
आणि तिथे दुसरं काही भरलं नाही.
प्रोग्राम अडला, तिने समजावला, पुन्हा अडला.
दुपारी उशिरा एकदाचा कागद बाहेर आला:
जन्मतारीख: माहीत नाही.

फदुमोंना वाचता येत नव्हतं.
शेजारच्याने वाचून दाखवलं.
हे बरोबर आहे, त्या म्हणाल्या,
आणि घडी घालून कमरेला खोचलं.