विधान क्रमांक सतरा

अठ्ठेचाळीस प्रश्नावल्या, रबरबँडात.
नाव लिहू नये, असं मीच वर छापून घेतलेलं.
प्रत्येकीत चोवीस विधानं, पाच रकाने,
पूर्णपणे असहमतपासून पूर्णपणे सहमतपर्यंत.
फोंड्याच्या कॉलेजात स्टाफरूमचा पंखा
तीनवर खडखडतो,
म्हणून दोनवर.
मी बेरजा करते.

अभिप्राय वेळेवर मिळतो : चार, पाच, चार.
अभिप्राय स्पष्ट असतो : पाच, पाच,
कुणीतरी तीन, कुणीतरी तीन खोडून चार.
मुलं भली आहेत, किंवा सावध :
इंटर्नशिपचे गुण अजून माझ्याच हातात.

एकतिसावा कागद.
अक्षर ओळखायचं नाही असं ठरवूनही
'ळ'चं ते सुटं वेटोळं ओळखतेच मी,
त्याच्यावर दोनदा लाल गोल केला होता.
विधान सतरा : अभिप्रायामुळे माझ्या अध्यापनात बदल झाला.
पाच.
आणि शेजारी, समासात, जिथे लिहायला जागाच ठेवली नव्हती :
'हो. हल्ली मी मुलांना
शंका विचारू देत नाही.'

विनंती वेळीप.
दुर्भाटची शाळा, सहावीचा वर्ग, घटक भरती-ओहोटी.
मी शेवटच्या बाकावर, मांडीवर निरीक्षणवही.
तिने चंद्र काढला, पृथ्वी काढली,
निळ्या खडूनं फुगलेलं पाणी,
आणि खिडकीपाशचा एक पोरगा उठून म्हणाला,
टीचर, मगीर आमच्या मानशीचें दार चंद्र उगडटा?
वर्ग हसला. ती हसली नाही.
खडू खाली ठेवून म्हणाली,
'तू सांग, दार कसं आहे?'
मग कुणाच्या आजोबांचं खाजन, कुणाचा फुटलेला बांध,
दारात अडकलेल्या कुर्ल्या,
सगळे एकदम बोलायला लागले.
अकरा मिनिटं. मी मोजली.
मूल्यमापन राहिलं, गृहपाठ घंटेत बुडाला.
मी लिहिलं : विषयांतर टाळावे. वेळेचे नियोजन नाही.
खाली तारीख, आणि सही,
झोकदार.

तक्त्यात पाचच भरते.
समासाला तक्त्यात रकाना नाही.
सरासरी चार पूर्णांक सहा.
अभिप्राय परिणामकारक आढळला.
वाक्य खरं आहे. त्यातला परिणाम
मला आता नीट दिसतो.

साडेपाचला घरची बस सोडून दुर्भाटला गेले.
बांधावर चप्पल दोनदा रुतली.
मानशीपाशी कुणी नव्हतं, वाळत घातलेलं जाळं तेवढं.
नदी उतरत होती.
काळं, शेवाळलेलं लाकडी दार
आतल्या पाण्यानं हळूच बाहेर ढकललं,
बोटभर, मग वीतभर.
कुणाचाही हात नाही.

बावीस वर्षं हा घटक शिकवायला शिकवते आहे मी.
त्या पोराचं नाव काय होतं,
वहीत नाही.